बंगळूरचे मराठी : जहागिरीपासून मुशीपर्यंत

(बंगळूर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या गुणांचे वर्णन अध्यक्षांनी आताच इतक्या आत्मीयतेने केले आहे की त्यात मी भर घालू गेलो तर ती निव्वळ द्विरुक्ती होईल. म्हणून त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी थेट विषयाकडे वळतो. परमुलखात वसलेल्या समाजाचे स्थानिक जीवन आणि त्याच्या गरजा, असे विषयाचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापले आहे. नाव भारदस्त आहे. परंतु मी समाजशास्त्रज्ञ नव्हे; आयुष्याचा उत्तरार्ध या शहरात घालवलेला, कन्नड बऱ्यापैकी बोलणारा आणि अत्यंत वाईट लिहिणारा एक मराठी गृहस्थ एवढीच माझी योग्यता, आणि तेवढ्या अधिकारात जे बोलता येईल तेच मी बोलणार आहे. समाजाची ओळख त्याच्या उत्सवांवरून करून घेण्याची आपल्याला सवय जडली आहे. ती त्याच्या अडचणींवरून करून घ्यावी, हे माझे आजचे प्रतिपाद्य.

पहिला प्रश्न अगदी साधा. बंगळूरचे मराठी म्हणजे नेमके कोण?

2011 च्या जनगणनेला विचारावे, तर ती सांगते की कर्नाटकात मराठी ही मातृभाषा सांगणारे लोक वीस लाखांहून अधिक आहेत. त्यांतले बहुसंख्य बेळगाव, बिदर आणि कारवारच्या अंगाला, आणि बंगळूर शहरात शंभरांत सुमारे दोन. हे दोन टक्के खरेच. पण ज्याच्या देवघरात तुळजाभवानी आहे, ज्याचे आडनाव जाधव किंवा शिंदे आहे, आणि ज्याने जनगणनेच्या कारकुनाला मातृभाषा कन्नड असे सांगितले, तो या आकड्यात कुठे आहे? तो नाही. आणि आठवड्यातले सहा दिवस व्हाइटफील्डच्या एखाद्या कचेरीत बसणारा, पण ज्याचे घरदार, मत आणि आधारकार्डावरचा पत्ता पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे, तो? तोही बहुधा नाही. तेव्हा मोजणी बाजूला ठेवून थर उकलून पाहिलेले बरे.

सर्वांत जुना थर आपल्याला तोंडपाठ आहे. विजापूरच्या रणदुल्लाखानाने 1638 साली केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. जिजाऊसाहेबांसह बालशिवाजी काही काळ येथे येऊन राहिले. जयराम पिंड्ये याच्या ज्या चंपूकाव्यातून आपल्याला शहाजीराजांच्या दरबाराचा वृत्तांत कळतो आणि जे राजवाड्यांनी 1922 साली छापून प्रसिद्ध केले, त्यात तर त्या दरबारी अनेक भाषांतले कवी आपापल्या वाणीने राजाची स्तुती करताना दिसतात. 1664 साली शहाजीराजे होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. आज ते गाव दावणगेरे जिल्ह्यात आहे आणि समाधीही तिथेच आहे. पुढे व्यंकोजीराजांनी मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख उपलब्ध आहे. मग व्यंकोजीराजे तंजावरास गेले, बंगळूर विकण्याची बोलणी म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी चालली असताना 1687 साली मोगल मध्ये पडले, आणि अखेर शहर वोडेयरांच्या पदरी पडले. संपूर्ण मराठी अंमल पन्नास वर्षांचा.

या पन्नास वर्षांवर आपण किती व्याख्याने ऐकली असतील? मी स्वतः काही दिली आहेत. पण त्याच मराठी सत्तेची दुसरी आठवण या मुलखात आहे, ती आपण सहसा काढत नाही. माधवराव पेशव्यांच्या हैदरावरील स्वाऱ्या आपल्या बखरींत पराक्रम म्हणून येतात. ज्यांच्या शेतांतून त्या गेल्या त्या रयतेच्या आठवणीत चौथाई, खंडणी आणि जाळपोळ यांची नोंद आहे. 1791 साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमेत लष्कराबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हे शल्य तर अजून बोलून दाखवले जाते. शेजाऱ्याच्या घरी राहायचे तर आपल्या आजोबांची त्याच्या घरातली कीर्ती काय आहे, हे माहीत असलेले बरे. एवढ्याच हेतूने हा उल्लेख.

दुसरा थर दप्तराचा. जहागीर गेली तरी लेखणी राहिली. म्हैसूरच्या कारभारात कन्नडच्या जोडीने मराठी दप्तर दीर्घकाळ चालले; इंग्रज कमिशनरांच्या अमदानीतही मराठीत अर्ज लिहिणारे आणि मराठीत शेरे मारणारे शिरस्तेदार होते. तंजावरच्या मराठी कुळांतले दिवाण तर या संस्थानाला एकामागून एक लाभले: 1906 ते 1909 व्ही. पी. माधवराव, आणि त्यांच्या पाठोपाठ 1912 पर्यंत टी. आनंदराव, ज्यांचे वडील सर टी. माधवराव यांनी त्रावणकोर आणि बडोदे गाजवले. आज आनंदराव सर्कलपाशी सिग्नलला खोळंबणाऱ्या मराठी तरुणाला हा आनंदराव कोण, हे ठाऊक नसते. त्यात त्याचा दोष नाही, कारण त्या कुळांनी आपले मराठीपण घरातल्या चुलीपाशी ठेवले आणि दरबारात ते कधी मिरवले नाही.

तिसरा थर मला या दोहोंहून अधिक प्रिय आहे, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. जुन्या पेठेतले रंगारी भावसार आणि नामदेव शिंपी. यांना कोणी जहागीर दिली नाही, सनद दिली नाही. कापड जिथे विणले जाते आणि विकले जाते तिथे ते रंगवणारा आणि शिवणारा लागतो, या न्यायाने ते आले, आणि चिकपेठेच्या आसपास विठ्ठलाची मंदिरे बांधून राहिले. आषाढीला अभंग गाणाऱ्या त्यांच्या म्हाताऱ्यांचे हिशेब कन्नडात, भांडणे कन्नडात आणि ओवी मात्र मराठी; आणि ती मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो. हसू नये. आपली प्रमाणभाषा घडायच्या आधीच घर सोडलेल्या माणसांची ती बोली आहे.

या तिघांना समाज म्हणून तोलून धरणाऱ्या संस्था कोणत्या? महाराष्ट्रातून आलेली एकही नाही. गवीपुरातील गोसावी मठ, जातवार वसतिगृहे, विठ्ठलमंदिरांचे पंच आणि कर्नाटक क्षत्रिय मराठा परिषदेसारख्या सभा: सगळ्यांचा कारभार कन्नडात, सगळ्यांचे अर्ज विधानसौधाकडे. त्यांची आजची मोठी मागणी ऐका. कर्नाटकातील मागासवर्गीयांच्या यादीत मराठा समाज 3ब या प्रवर्गात आहे. तो 2अ मध्ये घालावा. या मागणीत शिवाजीमहाराज नाहीत, सीमाप्रश्न नाही, अभिजात भाषा नाही. मुलाला जागा मिळावी एवढेच आहे. ज्या समाजाला आपली गरज प्रवर्गाच्या क्रमांकासह सांगता येते, तो समाज त्या भूमीत रुजला असे मी समजतो.

आणि रुजणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपण सगळे जाणता. 12 डिसेंबर 1950 रोजी याच शहरात पोलीस शिपायाच्या मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा हनुमंतनगरात वाढला, कन्नड शाळेत शिकला आणि बंगळूरच्या सिटी बसमध्ये कंडक्टर झाला. पुढे मद्रासला जाऊन तो रजनीकांत झाला. त्याच्या त्या पुढच्या यशावर हक्क सांगायला आता तीन राज्ये पुढे येतात. मला त्या कंडक्टरच्या नोकरीचे महत्त्व अधिक वाटते. कन्नड येत होते म्हणून तो बसमध्ये उभा राहू शकला, आणि घरची एक गरज भागली.

विसाव्या शतकातल्या थरांवरून मी भरभर जातो, कारण ते आपण स्वतःच आहोत आणि स्वतःविषयी आपण पुरेसे बोलतो. टाटांच्या विज्ञानसंस्थेत 1933 साली कमला भागवत नावाची मुंबईची मुलगी प्रवेश मागायला आली. स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तिला नाकारले. ती हटून बसली, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर तिला घेतले गेले, आणि त्यानंतर त्या संस्थेची दारे इतर मुलींना उघडली. याच कमलाबाई सोहोनी, ज्यांनी 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. 1940 साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत विमानांचा कारखाना इथे काढला. 1946 साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली. 1981 साली पुण्यात निघालेली इन्फोसिस 1983 साली इकडे आली, आणि तिच्यामागून तुम्ही आलात. ठीक आहे.

आता मी ज्याच्यासाठी ही सगळी प्रस्तावना केली, त्या थराकडे येतो.

नगरथपेठेच्या एखाद्या बोळात, जिथे समोरून माणूस आला तर आपल्याला अंग चोरून भिंतीला टेकावे लागते, तिथल्या एखाद्या लाकडी जिन्याने वर चढलात, तर एक काळवंडलेली खोली लागते. कोपऱ्यात भट्टी. शेजारी मुशी उपड्या घातलेल्या, टाकणखाराचा डबा, चिमटे, तराजू. आणि भिंतीवर खरसुंडीच्या सिद्धनाथाची किंवा रेणावीच्या रेवणसिद्धाची तसबीर. तसबीर पाहिली की मालकाचा तालुका विचारायला नको. सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या, खानापूर-आटपाडीच्या, तासगाव-कवठेमहांकाळच्या, आणि पलीकडच्या माण-खटावच्या कोरडवाहू गावांतली ही माणसे पिढ्यान् पिढ्या देशभर सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात. त्याला त्यांच्याकडे गलाई म्हणतात. हिंदुस्थानातल्या ज्या ज्या शहरात सराफकट्टा आहे, तिथे एक तरी विटेकर असतोच, आणि बंगळुरात तर पुष्कळच.

सराफाने आणून दिलेले जुने दागिने, मोड, कारागिराच्या बैठकीखालची धूळ हे सगळे तो मुशीत घालतो आणि वितळवतो. चोख सोने काढायचे असेल तेव्हा सोन्याच्या अडीच-तीन पट चांदी मुद्दाम त्यात मिसळायची, त्या मिश्रधातूचे पातळ तुकडे करायचे आणि ते तेजाबात उकळायचे. चांदी विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी भुकटी राहते. त्या भुकटीकडे पाहून कोणाला वाटणार नाही की हे सोने आहे. ती धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातली की मग ती पिवळी होते. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवायची, कारण ती उसनी घेतलेली असते. या उकळण्यात जो लालसर-पिवळा धूर निघतो तो जिन्यावरून खाली उतरेपर्यंत घशात राहतो. मी एका कारागिराला विचारले, धुराचा त्रास होत नाही का? तो म्हणाला, "धुराची सवय हुती. पोलिसाची हुत न्हाई."

त्याचे म्हणणे काय ते मला तिथे बसूनच समजले. चोरीचा दागिना सराफामार्फत गलाईवाल्याकडे येतो, तो गाळला जातो; पुढे चोर पकडला जातो आणि जबाबात भट्टीचा पत्ता सांगतो. मग भारतीय दंडसंहितेचे कलम 411, म्हणजे चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचा आरोप. आता नव्या संहितेत कलमाचा क्रमांक बदलला आहे, आरोप तोच. हा माणूस निर्दोष असतोच असे मी म्हणत नाही. काही असतात, काही नसतात. पण जो निर्दोष आहे त्याला ते कोणत्या भाषेत सांगता येते? पंचनामा कन्नडात, जबाब कन्नडात, आणि खाली सही करायची ती काय लिहिले आहे ते न वाचता. गाळलेले सोने परत करा, नाहीतर चला, अशी तडजोड सुचवणारे मध्यस्थ जिन्यात उभेच असतात. अशा वेळी त्याला हवा असतो एक वकील, एक दुभाषा, आणि रात्री अकरा वाजता फोन उचलणारा एक माणूस.

दुसरी गरज मुलांची आहे, आणि ती अधिक गुंतागुंतीची आहे. कर्नाटकातल्या व्यावसायिक महाविद्यालयांत सरकारी कोट्यातली जागा मिळवायची, तर सर्वसाधारण नियमाप्रमाणे पहिली ते बारावी या काळात निदान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असावे लागते. गलाईवाल्याच्या घरची रीत अशी, की मुलगा लहानपणी गावी आजी-आजोबांकडे शिकतो, आणि सातवी झाली की बापाजवळ येतो. आठवी ते बारावी किती वर्षे झाली? पाच. इथली जागा गेली. तिकडे महाराष्ट्राची जागा मागायला जावे, तर तिथे दहावी-बारावी महाराष्ट्रातली मागतात. तीही गेली. कोणी अन्याय केला? कोणीच नाही, दोन्ही सरकारांनी आपापल्या रहिवाशांचे हित पाहिले, आणि दोहोंच्या मधल्या फटीत हा मुलगा सापडला. बापाला मुलगा पाचवीत असतानाच हे कोणी सांगितले असते, तर? एका वाक्याची माहिती होती. पण ते वाक्य सांगणारी जागा या शहरात नव्हती, आणि अशा मुलाची बारावीनंतरची जागा बहुतेक वेळा ठरलेली असते: बापाच्या भट्टीपाशी.

1979 साली केंद्र सरकारने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला, पण तो ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांसाठी होता. इथे ठेकेदार कोण? चुलता. मामा. मेहुणा. नात्याने आलेल्या पोराला कायद्याच्या भाषेत मालक नसतो आणि पगाराची पावतीही नसते. शिधापत्रिका गावची, आता ती देशात कुठेही चालते असे सरकार म्हणते आणि ते बव्हंशी खरेही आहे, पण सोने गाळणारा माणूस शिधावाटपाच्या रांगेत उभा राहायला लाजतो. मत गावचे; निवडणूक आली की गावाकडून गाड्या येतात, दोन दिवस ही माणसे फार महत्त्वाची होतात, आणि गाड्या परत सोडून जातात. ज्या वॉर्डात ते राहतात, जिथल्या गटाराचे पाणी त्यांच्या जिन्याखाली येते, त्या वॉर्डाच्या राजकारणात त्यांचे मत शून्य. गावी मोठा बंगला आहे, कडीकुलपात. इथे खोलीत सहा जण. टेंभूच्या योजनेचे पाणी आता त्या कोरड्या शिवारात पोहोचले आहे, द्राक्षे आणि डाळिंबे होत आहेत. तरी गेलेली माणसे परत आलेली नाहीत, कारण धंद्याची पेठ इथे आहे. आणि इथे कोणी दगावले, तर सहाशे किलोमीटरांहून अधिक रस्ता देह घेऊन रात्रभर जायचे, कारण भाऊबंद तिकडे.

या घरांत कन्नड सर्वांत आधी कोणाला येते, सांगू? बाईला. पुरुष बाजारात हिंदीवर भागवतो. नळावर, रेशनच्या दुकानात, सरकारी दवाखान्यात, शाळेच्या दारात हिंदी पुरत नाही, म्हणून आटपाडीहून आलेली सून सहा महिन्यांत कन्नड बोलू लागते. तेही व्याकरणासकट चुकीचे, आणि कामापुरते संपूर्ण बरोबर. आपल्यांपैकी पंचवीस-तीस वर्षे इथे राहून ज्यांची मजल अजून "कन्नड गोत्तिल्ला" या दोन शब्दांपुढे गेलेली नाही, त्यांनी तिच्याकडे शिकवणी लावावी असे मी गंभीरपणे सुचवतो.

आपण हसलात, ते बरे झाले, कारण यापुढचे जरा टोचणारे आहे. या शहरात मराठी मंडळे आहेत. ती गणेशोत्सव करतात, नाटके आणतात, दिवाळी अंक वाटतात, कोजागिरीला दूध आटवतात. मी यांपैकी प्रत्येक गोष्टीचा लाभ घेतला आहे आणि यापुढेही घेईन. परंतु नगरथपेठेतला गलाईवाला या कार्यक्रमांत दिसतो का? दिसतो, वर्गणीच्या यादीत. आणि भावसार? भावसारांची दिंडी वेगळी, आपला गणपती वेगळा. परिषदेचे मराठे वेगळे. तंजावरी कुळे तर आपल्याला पाहुणे समजतात, आणि ते बरोबरच आहे, आपण त्यांच्या कितीतरी नंतर आलो. एका शहरात पाच मराठी समाज, आणि एकमेकांकडे येणेजाणे नाही.

या स्थितीला जगात तोड नाही असे मात्र समजू नका. 1908 च्या जूनमध्ये कासातो मारू नावाच्या जहाजाने 781 जपानी माणसे ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरवली, कॉफीच्या मळ्यांसाठी. त्यांचा वंश तिकडे वाढला. जपानला कारखान्यांत हात कमी पडू लागले, तेव्हा सरकारने कायदा बदलून 1990 पासून त्या वंशजांना परत यायची मुभा दिली. विचार असा, की रक्त आपले आहे, चेहरे आपले आहेत, ही माणसे सहज मिसळून जातील. हामामात्सु, ओइझुमी यांसारख्या कारखान्यांच्या गावांत ते लाखांनी आले. आल्यावर कळले की ते पोर्तुगीज बोलतात, मोठ्याने हसतात, आणि कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा ते त्यांना माहीत नाही. त्यांच्या मुलांना शाळेत घालण्याची सक्ती नव्हती, कारण ती सक्ती जपानी नागरिकांपुरती. त्यामुळे कित्येक मुले ना धड जपानी शिकली ना धड पोर्तुगीज. अखेर 2001 साली अशा गावांच्या नगरप्रमुखांनी हामामात्सुत एकत्र येऊन सरकारपुढे मागण्या ठेवल्या. त्या मागण्या कोणत्या? मुलांच्या शाळा, आजारपणाचा विमा, रहिवासाची नोंद. संस्कृतीचे नाव नाही. मंदी आली, तेव्हा 2009 साली त्याच सरकारने कामगारामागे तीन लाख येन देऊन त्यांना परत पाठवण्याची तजवीज केली. रक्ताचे नाते इतके टिकले.

मला ही हकीकत वाचताना आपली एक समजूत आठवत राहिली. महाराष्ट्र आपल्या पाठीशी आहे, ही ती समजूत. गलाईवाल्याला अटक झाली तर महाराष्ट्रातला आमदार फोन करतो, हे खरे. पण तो फोन कन्नड फौजदाराला होतो, आणि फौजदाराला त्या आमदाराची मते मोजायची नसतात. उलट, महाराष्ट्राने मध्ये बोललेले कित्येकदा इथल्या मराठी माणसालाच बाधते. नोव्हेंबर 2020 मध्ये कर्नाटक सरकारने मराठा विकास महामंडळाची घोषणा केली. ते इथल्या मराठा समाजासाठी होते, पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या, कन्नड बोलणाऱ्या. पण सीमाप्रश्नाच्या गदारोळात ते मराठी भाषेला दिलेले बक्षीस असल्यासारखे दिसले, आणि 5 डिसेंबरला कन्नड संघटनांनी राज्यव्यापी बंद पुकारला. पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात सदाशिवनगरातल्या शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याला शाई फासली गेली, आणि बेळगावात कन्नडिगांना पूज्य असलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची विटंबना झाली. सीमेवर जे बोलले जाते त्याचे बिल पेठेतल्या शिंप्याच्या दुकानावर येते. याचा अर्थ बेळगावच्या मराठी माणसाने आपले गाऱ्हाणे सोडावे असा नाही. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला आणि त्याने तिथला प्रश्न मिटवला नाही, हे मला कबूल आहे. परंतु बेळगावचा मराठी माणूस आपल्या घरात आहे, सीमा त्याच्या घरावरून सरकली. आपण मात्र आपल्या पायांनी चालत इथे आलो. दोघांच्या गरजा एक नाहीत, आणि एकाची भाषा दुसऱ्याने बोलू नये.

म्हणून मराठी शाळा काढा, मराठी पाट्या लावा, अशा मागण्या मी या व्यासपीठावरून करणार नाही. 2015 च्या कायद्याने इथल्या सगळ्या शाळांत कन्नड सक्तीचे झाले, त्याबद्दल कुरकुरणारे मराठी पालक मी पाहिले आहेत. मुंबईत मराठी सक्तीची हवी असे म्हणणारेही तेच. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी होती. त्यांनी कन्नडात कविता लिहिली, कर्नाटकाने त्यांना वरकवी म्हटले, आणि ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड काव्यासाठी. त्यांची मराठी कमी झाली का? मराठीतही त्यांनी लिहिलेच. आपल्या मुलांकडून बेंद्रे होण्याची अपेक्षा नाही. वर्तमानपत्र वाचता यावे आणि पोलिसाने पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नये, एवढे कन्नड पुरे.

आणि मागायचे ते काय मागू? फार थोडे. या सभागृहाच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल मांडावे. तिथे कन्नड लिहू-वाचू शकणारा एक निवृत्त कारकून, एक वकील आणि एक डॉक्टर पाळीपाळीने बसावेत. भिंतीवर एक कागद असावा, ज्यावर सात वर्षांचा तो शाळेचा नियम मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहिलेला असेल. तेजाबाच्या धुराने छाती धरलेल्या कारागिरांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, आणि ती नगरथपेठेत जाऊन व्हावी. ते इथवर येणार नाहीत, त्यांच्याजवळ रविवारची संध्याकाळ नसते. मुलाखतीसाठी, अर्जासाठी, दाखल्यासाठी कोणते कागद लागतात हे भावसार मंडळींना आणि परिषदेच्या कार्यकर्त्यांना आपल्याहून फार चांगले माहीत आहे, कारण त्यांची कित्येक पिढ्यांची वहिवाट आहे. त्यांना आमंत्रण द्यावे, आणि ते पाहुणे म्हणून नव्हे, तर शिकवायला. गणपतीच्या वर्गणीतून किती रक्कम यासाठी काढावी, हा हिशेबनीसांचा प्रश्न आहे. आरास एका वर्षी जरा साधी झाली तर गणपतीची हरकत असेल असे मला वाटत नाही.

टेबलाच्या खर्चाविषयी मी चालकांशी आधीच बोललो आहे. जागा आणि दिवे ते देणार आहेत. माणसे मात्र आपल्यांतून यायला हवीत. चिटणीस दाराजवळ वही घेऊन बसले आहेत. ज्यांना कन्नड लिहिता येते, त्यांनी जाताना आपले नाव, आणि कोणता वार सोयीचा ते लिहावे. ज्यांना येत नाही, त्यांनी शिकवणीसाठीच्या दुसऱ्या पानावर लिहावे. मी दुसऱ्या पानावर माझे नाव मघाशीच लिहून आलो आहे. चहा खाली आहे.